न मागता दिलेली माफी

लिंडेन क्रीक, नेब्रास्का
१२ मे १९७४

प्रिय वेंडेल,

तुझं मदर्स डेचं कार्ड शुक्रवारीच आलं. तुझ्या बाबांनीच ते टपालपेटीतून आणलं, टेबलावर मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "विनिपेगहून आलंय." तुझं नाव ते अजून घेत नाहीत. तू कॅनडात गेल्याला पाच वर्षं होतील, तेव्हापासून तू म्हणजे एक शहर झाला आहेस. "विनिपेगची थंडी ओसरली का?" असं मला विचारतात, जणू मी हवामान खात्यात कामाला आहे. मी म्हणते, ओसरली. मग त्यांचं जेवण जरा बरं जातं.

आज लिहितेय ते मात्र वेगळ्याच कारणानं. इथं सगळे हादरलेत. तिकडच्या वर्तमानपत्रांत आलंच असेल. अध्यक्ष निक्सननं स्वतःच्या कचेरीत टेपवर घेतलेली बोलणी शेवटी छापून बाहेर काढली. औषधांच्या दुकानात त्याचं जाडजूड पुस्तक आलंय, मी विकत आणलं. बाबांनी मुखपृष्ठ बघितलं आणि सरळ आपल्या जनावरांच्या खुराकाच्या दुकानात निघून गेले. ते गेल्यावर मी भांडी तशीच टाकून वाचत बसले.

वेंडेल, पानापानावर कंसात छापलंय, शिवी गाळली. शिवी गाळली. परत शिवी गाळली. आपल्या चर्चमधल्या बायका विरोधकांनी काय काय आरोप केले ते सगळं ऐकून घेत होत्या, पण या कंसांनी त्या गारठल्या आहेत. मीही. चोरीचं प्रकरण मला नीट कळत नाही. रात्री कुणी विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलं, त्यांना कुणी पाठवलं, पैसे कुणी दिले, हे वकिलांचं काम. पण माणूस बंद दाराआड कसं बोलतो, ते मला कळतं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "कामाच्या जागी सगळेच पुरुष शिव्या देतात, हिल्मा."

मी म्हटलं, "आर्विड, तू देत नाहीस. खुराकाचं पोतं पायावर पडलं होतं तेव्हाही दिली नाहीस."

"मी देश चालवत नाही."

"दिलीस तर चालवायला मिळेल का?"

हसले नाहीत. पूर्वी हसले असते. तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत, म्हणजे नाही, तेव्हा तू नव्हतास. तेव्हा जिल्ह्यातलं एकही घर त्यांनी सोडलं नव्हतं. निक्सनच्या पक्षाचा जिल्हाध्यक्ष म्हणून स्वतःचा शब्द देऊन त्यांनी या माणसासाठी मतं मागितली. लोकांनी मत निक्सनला दिलं असेल, पण विश्वास ठेवला आर्विड एकब्लाडवर. हे ओझं त्यांच्या डोक्यावर आहे, आणि ते खाली ठेवायला ते तयार नाहीत.

मका टोकून झाला. तू खोकल्याचं काहीच लिहिलं नाहीस.

तुझी आई


७ ऑगस्ट १९७४

प्रिय वेंडेल,

सोमवारपासून मी सुन्न आहे.

जिल्ह्याची जत्रा लागलीय. बाबांनी दरवर्षीसारखा पक्षाचा मांडव घातला. या वर्षी बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. सगळ्यांची एकाएकी कापणी निघाली, पाहुणे आले, पाठी दुखायला लागल्या. म्हणून बाबा एकटेच बसले, आणि मी जेवण घेऊन गेले ती तिथंच थांबले. समोरच्या मांडवात डेमोक्रॅट मंडळी होती. त्यांच्यात आपला रॉय डिट्रिक. तो सोमवारी सकाळपासून हाका मारत होता, "काय अध्यक्षसाहेब, तुमचे अध्यक्षसाहेब काय म्हणतात?"

बाबा शांतपणे म्हणाले, "रॉय, त्याला चोरीची माहिती आधीपासून असती, तर मी या खुर्चीवर बसलो नसतो."

चारच्या सुमारास गुरांच्या गोठ्यांकडून माणसं येऊ लागली. कुणाच्या तरी गाडीत रेडिओ लावलेला होता. आणखी एक टेप बाहेर आली होती, आणि ती निक्सननं स्वतःच बाहेर काढली होती. चोरीला एक आठवडाही झाला नव्हता तेव्हाची. त्यात तो स्वतः सांगतोय की एफबीआयचा तपास थांबवा. म्हणजे दोन वर्षं आपल्याला जे सांगत होता ते सगळं खोटं. आरोप नाही, कुणाची साक्ष नाही. त्याचा स्वतःचा आवाज.

मी रॉयकडे बघितलं. म्हटलं, आता हा बोलणार. तो उठला, लिंबू सरबताचे दोन ग्लास घेऊन आमच्या मांडवात आला, टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "ऊन फार आहे, आर्विड." आणि परत गेला. तुझ्या बाबांचा चेहरा मी लग्नापासून बघतेय. रेडिओवरच्या बातमीनं तो पडला नव्हता, तो त्या सरबतानं पडला.

काल सकाळी ते परत टोपी घालून निघाले. मी म्हटलं, "आता कशाला?"

"मांडव आठवडाभरासाठी घातलाय."

दिवसभर बसले. कुणी आलं नाही. लोक लांबून वळसा घालून जात होते, जसं एखाद्या घरात कुणी गेलं असेल तर काय बोलावं सुचत नाही म्हणून माणसं टाळतात. आजही गेलेत. मी घरी शेंगा बरण्यांत भरतेय आणि मध्येच हात थांबतो. एखादा माणूस खोटं बोलला याचा मला इतका धक्का बसायला नको होता. माझं वय काय. पण बसलाय.

तुझी आई


१० ऑगस्ट १९७४

प्रिय वेंडेल,

गेला निक्सन. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी भाषण ऐकलं. बाबा टीव्हीसमोर कोट घालून बसले होते. उन्हाळ्यात, घरात, कोट.

काँग्रेसमध्ये आपल्याला पुरेसा पाठिंबा उरला नाही म्हणून पद सोडतोय, असं तो म्हणाला. माझे काही निर्णय चुकले असतील, असंही म्हणाला. संपल्यावर बाबांनी उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मला वाटलं, तो सांगेल."

"काय सांगेल?"

"काय केलं ते. आता तरी सांगेल असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी त्याची बायको आणि मुली मागं उभ्या होत्या, त्यांच्याकडे मला बघवेना. मी उठून पाव भाजायला गेले.

दुपारी अ‍ॅग्नेस कुचेराचा फोन आला. ती अशी कधी फोन करत नाही. तिचा लेनर्ड व्हिएतनाममध्ये मारला गेला त्याच वर्षी, त्याला पुरून पुरते चार महिनेही झाले नव्हते तेव्हा तू सीमा ओलांडलीस. तुम्ही दोघं पाळण्यापासून एकत्र. तिच्या मनात या दोन गोष्टी एकाच खिळ्याला टांगलेल्या आहेत, आणि मी तिला दोष देत नाही. दुकानात भेटली तर मक्याबद्दल बोलते, पावसाबद्दल बोलते, तुझ्याबद्दल कधी नाही.

फोनवर म्हणाली, "हिल्मा, लेनर्ड गेला तेव्हा अध्यक्षांचं पत्र आलं होतं. सांत्वनाचं. मी ते चौकटीत घालून त्याच्या फोटोशेजारी लावलंय. खाली सही निक्सनचीच आहे. आता मी काय करू?"

मी खुर्ची फोनजवळ ओढली.

ती म्हणाली, "त्यात लिहिलंय, तुमच्या मुलाचा त्याग देश विसरणार नाही. मी रोज वाचत होते ते. आज सकाळी वाचायला गेले आणि वाटलं, हेही त्या कचेरीतच लिहिलं असेल ना? त्याच टेबलावर?"

मी म्हटलं, ते पत्र लेनर्डबद्दलचं आहे, निक्सनबद्दलचं नाही, तू ठेव. बरोबर बोलले की चूक, मला ठाऊक नाही. फोन ठेवून वळले तर बाबा दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. तू काळजी करू नकोस, पोटच असेल.

तुझी आई


९ सप्टेंबर १९७४

प्रिय वेंडेल,

तू आधी खाली बसून घे आणि मग हे पत्र वाच.

काल रविवार. आम्ही चर्चमध्ये असतानाच तिकडं राजधानीत नव्या अध्यक्षांनी, फोर्डनं, निक्सनला माफी जाहीर केली. पूर्ण, बिनशर्त. खटला नाही, चौकशी नाही, काही नाही. प्रार्थना संपल्यावर आम्ही नेहमीसारखे तळघरात कॉफीला उतरलो, आणि एकजण गाडीतल्या रेडिओवर ऐकून धावतच खाली आला. सगळे एकदम बोलायला लागले. काहींना राग आला होता. काही म्हणाले, बरं झालं, देशाची जखम आता तरी भरेल. मग पाद्रीबाबा म्हणाले, "क्षमा ही चांगलीच गोष्ट. जिल्हाध्यक्षांना काय वाटतं?"

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. त्यांनी कप बशीत ठेवला.

"क्षमा कशाची?" ते म्हणाले. "काय केलं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. मागितलेली नाही, ती दिली. आता तो कधीच सांगणार नाही."

"आर्विड, मागेपर्यंत थांबावंच असं कुठं आहे?" पाद्रीबाबा म्हणाले.

बाबा उभे राहिले. आवाज चढवला नाही, तुला माहितीय ते चढवत नाहीत. म्हणाले, "माझ्या वेंडेलनं काय करणार ते मला स्वयंपाकघरात उभं राहून तोंडावर सांगितलं. मी हे युद्ध लढणार नाही, मी जातोय, असं म्हणाला. मी नको नको ते बोललो. ते सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग बॅग उचलली आणि भर दुपारी समोरच्या दारानं गेला, अख्खी गल्ली बघत होती. त्याला मी पाच वर्षं माफ केलं नाही. आणि याला मी एका महिन्यात करू?"

मी कॉफीची किटली हातात घेऊन उभी होते आणि ती कुठं ठेवायची ते कळत नव्हतं. त्यांनी तुझं नाव घेतलं, वेंडेल. सगळ्या गावासमोर. मी किती वर्षं वाट बघितली या एका शब्दाची, आणि तो अशा रागानं, अशा दिवशी येईल असं वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी पक्षाच्या कचेरीला चार ओळी लिहिल्या. जिल्हाध्यक्षपद सोडलं. आज सकाळी स्वतः टपालात टाकून आले आणि म्हणाले, "विनिपेगला... वेंडेलला कळव."

म्हणून कळवतेय.

तुझी आई


१९ सप्टेंबर १९७४

प्रिय वेंडेल,

सोबतचं कात्रण बाबांनी कापलंय. माझ्या शिवणाच्या कात्रीनं, ती आता कागद कापून बोथट झाली. त्यांनी स्वतःच घडी घालून दिलं आणि म्हणाले, "तुझ्या पाकिटात हे घाल."

तू वाचलंच असशील. युद्ध टाळून गेलेल्या मुलांना फोर्ड परत येऊ देतोय. येऊन निष्ठेची शपथ घ्यायची आणि दोन वर्षांपर्यंत कुठं इस्पितळात वगैरे सांगतील ते काम करायचं. खटला मागं घेतील. मुदत जानेवारीअखेर. त्या दुसऱ्याला, निक्सनला, काहीच करावं लागलं नाही, हे मलाही दिसतंय. तुला संताप येईल. ये म्हणून मी हट्ट करणार नाही. तुझ्या खोलीला रंग दिलाय, पण तो ओल आली होती म्हणून.

आता खरं सांगायचं ते. काल अ‍ॅग्नेस आली. आलूबुखारा भरलेले कोलाचे, तिचे ते गोड पाव, घेऊन आली, चांगला कोट घालून. बाबा घरात होते. ती बसली नाही.

म्हणाली, "आर्विड, तू चर्चमध्ये काय बोललास ते माझ्या कानावर आलं."

बाबा म्हणाले, "अ‍ॅग्नेस, मी लेनर्डला कमी लेखायला..."

"मला बोलू दे. एकदाच बोलणार आहे." तिनं ताट टेबलावर ठेवलं. "वेंडेल आला तर त्याला बघून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जाईन. हे मी आधीच सांगते. नंतर तुम्हाला वाईट वाटायला नको."

बाबांनी मान हलवली. "तुझा राग मला समजतो."

"नाही समजत तुला. राग नाही तो. होता, आता नाही. वेंडेल समोरून चालत येताना दिसेल आणि त्याच्या शेजारी लेनर्ड नसेल. ते मला बघवणार नाही, एवढंच."

मला रडू आलं. ती रडली नाही. बाबा टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "मग मी त्याला काय लिहू?"

पाच वर्षांत पहिल्यांदा ते असं म्हणाले, आणि विचारलं कुणाला, तर अ‍ॅग्नेसला.

ती म्हणाली, "ये म्हणून लिही. रस्ता मी ओलांडीन. त्याला कशाला ओलांडायला लावता?"

आणि गेली. ताट अजून इथंच आहे. कोलाचे बाबांनी खाल्ले, एकटे बसून, सगळे. ते काही लिहायला बसले नाहीत अजून. पण तिचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचायला हवं असं मला वाटलं. तू लवकर लिही. काहीही लिही.

तुझी आई


१३ ऑक्टोबर १९७४

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. लगेच लिहायला बसले नाही, कारण मी काय लिहिलं असतं ते मलाच सांगता येत नाही.

या उन्हाळ्यात मला वाटलं होतं की आता मला धक्का बसायचा राहिलेला नाही. तू जूनमध्ये अर्ज केलास. मी तुला टेपा आणि मांडव आणि माफी लिहीत होते, तेव्हा तुझा अर्ज तिकडं कुठल्या तरी टेबलावर होता. सत्तावीस सप्टेंबरला तू हात वर करून कॅनडाचा नागरिक झालास. माझं कात्रण तुला त्याच आठवड्यात मिळालं असेल. तू लिहितोस की हे आधी सांगितलं असतं तर मी आशा सोडली असती, आणि माझी आशा तुला तोडवेना. वेंडेल, आशा माझी होती. तोडायची की ठेवायची ते मला ठरवू द्यायचं होतंस. हे मी रागानंच लिहितेय आणि खोडणार नाही.

बाबांपासून लपवायचं असं एक दुपारभर माझ्या मनात होतं. मग वाटलं, या घरात लपवालपवीचं पुरे झालं. ते दुकानातून आल्यावर त्यांना बसवलं आणि सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तू लिहिलंयस की हा निक्सनवरचा राग नाही आणि बाबांवरचाही नाही, तिथं तुझं काम आहे, तुझी माणसं आहेत, सकाळी उठल्यावर ते गाव तुला आपलं वाटतं. तेही वाचलं. शपथेचे शब्द तू उतरवून पाठवलेस, तेही.

ते म्हणाले, "परत वाच."

वाचलं.

"राणी?"

"राणीच म्हणतोय."

"त्यांना पंतप्रधान आहे ना?"

"आहे, पण शपथ इंग्लंडच्या राणीची असते, असं दिसतंय."

"आमचे एकब्लाड स्वीडनच्या राजाला सोडून इथं आले," ते म्हणाले. "इतका समुद्र ओलांडून. आणि हा परत राणीकडे गेला." ते उठून बाहेर अंगणात गेले. मी खिडकीतून बघत होते. कुंपणाशी उभे होते, पाठ माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. आता तू परत विनिपेग झालास.

आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. म्हणाले, "त्यानं खरोखर हात वर करून घेतली? माणसांसमोर?"

"न्यायाधीशासमोर. लिहिलंय ना."

"मग त्याला लिही." ते खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून बोलत होते. "लिही, शपथ घेतली आहेस तर पाळ. कुणाची का असेना. राणीची तर राणीची. आमच्या इथं ज्यानं घेतली होती, त्यानं मोडली. तू मोडू नकोस."

मी लगेच कागद घेतला, विसरायला नको म्हणून. ते तसेच उभे होते.

"एवढंच?" मी विचारलं.

"तिकडचे रस्ते केव्हा बंद होतात?"

"बर्फ पडायला लागला की. पुढच्या महिन्यात."

"मग आपल्याला या महिन्यातच जायला हवं."

आपल्याला. मी कागदावरून मान वर केली नाही. केली असती तर त्यांना लाज वाटली असती.

शुक्रवारी सकाळी निघतोय. अ‍ॅग्नेसला सांगितलं. ती म्हणाली, थंडीचे कपडे घ्या, आणि फोन ठेवला. जरा वेळानं परत केला आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, मी विचारलं होतं." बाकी काही म्हणाली नाही.

बाबांनी गाडीचं तेल बदललंय, नकाशा टेबलावर पसरलाय. कॅनडात ते कधीच गेले नाहीत. मघाशी नकाशावरून मान वर करून म्हणाले, "सीमेवर विचारतात ना, कुणाकडे चाललात?"

"विचारतात."

"मग काय सांगायचं?"

मी म्हटलं, "खरं तेच सांग."

ते परत नकाशाकडे वळले. बोटानं रस्ता वर वर नेत राहिले, नॉर्थ डकोटा, मग ती रेघ. तिथं बोट थांबलं. मग अगदी हळू, मला ऐकू जावं म्हणून नव्हे, नुसतं म्हणून बघावं तसं म्हणाले, "मुलाकडे."

तुझी आई